हरलात? आधी नक्कल मागा

अपिलाचा मेमो टाईप करताना पहिले दोन मुद्दे मला कुणी सांगावे लागत नाहीत. "मे. खालील कोर्टाचा निकाल हा कायदा, वस्तुस्थिती व न्यायतत्त्वास धरून नाही." आणि "मे. खालील कोर्टाने दाखल पुराव्याचे योग्य मूल्यमापन केलेले नाही." वाटपाचा दावा असो, चेकचा खटला असो, बांधावरची मारामारी असो, ही दोन वाक्यं ठरलेलीच. खरं अपील तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू होतं. तो आला की वकीलसाहेब खुर्ची सोडून माझ्या मागे येऊन उभे राहतात आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक शब्द सांगायला लागतात.

मी टायपिस्ट. सांगलीचं कोर्ट राजवाड्यात होतं तेव्हा बाहेर मशीन मांडून बसायचे, आता विजयनगरला ऑफिसात कॉम्प्युटरवर. कायद्याची पदवी नाही. पण टाईप करणाऱ्याला निकाल चाळता येत नाही, अक्षरन् अक्षर वाचावं लागतं, आणि वाचलेलं डोक्यात राहतं. त्यामुळे वरच्या कोर्टाचा एखादा निकाल गाजला की पक्षकार साहेबांच्या आधी माझ्याच टेबलाशी थांबतात. "ताई, आता आमचंबी फिरणार बगा." फिरेल का नाही ते साहेब सांगतील. पण २०२५ सालच्या काही निकालांनी आमच्या टेबलावरचं काम खरोखरच बदललंय. त्यातले बरेचसे चहाच्या गाड्यावर कुणाच्या तोंडी नाहीत. तोंडी होता तो वेगळाच.

२१ जुलै २०२५. मुंबईच्या लोकलमधल्या ११ जुलै २००६ च्या साखळी स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयानं बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. विशेष न्यायालयानं २०१५ साली त्यातल्या पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप दिली होती. १८० हून जास्त माणसं गेलेला खटला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात दुसरा विषय नव्हता. तीनच दिवसांनी, २४ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाची "स्थगिती" आली. झालं! गाड्यावर लगेच फैसला झाला की ते सगळे परत आत जाणार. एकानं तर मला येऊन पेढा द्यायचा बाकी ठेवला.

प्रत्यक्षात त्या आदेशात तसं काहीच नव्हतं. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात आणण्याची गरज नाही, असं त्यात स्पष्ट होतं. स्थगिती एवढ्यापुरतीच होती की उच्च न्यायालयाचा तो निकाल दुसऱ्या कुठल्या खटल्यात दाखला म्हणून वापरायचा नाही. सरकारची काळजी अशी, की मोक्काखालच्या इतर खटल्यांतले आरोपी त्या निकालावर बोट ठेवतील. म्हणजे माणसं बाहेर, निकालाचा पुढचा वापर बंद, आणि मूळ अपील चालू. "स्थगिती" या एका शब्दावर अर्ध्या सांगलीनं भांडून घेतलं, आणि स्थगिती कशाला, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

उच्च न्यायालयानं तरी काय केलं? नवे साक्षीदार बोलावले नाहीत, नवा तपास केला नाही. खालच्या कोर्टात जे कागद आणि जबाब आले होते तेच पुन्हा वाचले. कबुलीजबाब मारहाण करून घेतल्यासारखे वाटतात, साक्षीदारांनी आरोपी ओळखले ते घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी, बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलेलं नाही. लोकांना पटो न पटो, अपिलाचं काम असंच चालतं. दहावीचा पेपर पुन्हा लिहायला मिळत नाही, लिहिलेला पेपर दुसऱ्या गुरुजींकडून तपासून मिळतो. अपील केलं की आता आपण नवा साक्षीदार आणू, तलाठ्याला उभा करू, असं मनात धरून येणाऱ्यांना हे समजावताना साहेबांचा घसा बसतो. नवा पुरावा अपिलात आणायला कायद्यात वाट आहे, पण ती फार अरुंद. जो कागद घरात ट्रंकेत होता आणि तुम्ही आळसानं आणला नाही, त्याच्यासाठी ती नाही.

आता आमच्या टेबलावरचं.

निकाल लागला, तुम्ही हरलात, की रडायच्या आधी नकलेचा, म्हणजे निकालाच्या सही-शिक्क्याच्या प्रतीचा, अर्ज द्यायचा. हे मी सगळ्यांना सांगते आणि लोकांना ते निर्दय वाटतं. नकलेच्या शेवटच्या पानाच्या मागे एक शिक्का असतो. अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, अशा तारखा त्यात हातानं भरलेल्या असतात. निकालाच्या कागदपत्रांतलं सगळ्यात महागडं पान ते. कारण मुदतीचा हिशेब त्या तारखांवर चालतो. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील तीस दिवसांत, उच्च न्यायालयात नव्वद दिवसांत. फौजदारीत शिक्षा झालेल्याला सत्र न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात साठ. नक्कल बनायला जेवढे दिवस लागले तेवढे मुदतीतून वजा होतात. पण तुम्ही अर्जच महिन्याभरानं केलात, तर वजा करायला उरतं काय? आमच्याकडं येणाऱ्यांत असे असतातच, जे निकालानंतर आधी देवाला जाऊन येतात, मग पाहुण्यांना विचारतात, मग "ओळखीचा एक वकील मुंबईत हाय" तिकडे फोन करतात, आणि मग नक्कल.

मग येतो विलंब माफीचा अर्ज. त्यातली कारणंही मला पाठ झालीत. आजारपण, अशिक्षितपणा, वकिलांनी कळवलं नाही, पूर, कोरोना. (पुराचं कारण सांगलीत खोटं म्हणता येत नाही. २०१९ चं पाणी कुणाच्या कागदात नाही शिरलं?) आणि सरकारी खात्यांचं कायमचं कारण म्हणजे "फाईल वरिष्ठ कार्यालयाच्या मान्यतेसाठी प्रलंबित होती." वर्षानुवर्षं हे कारण चालून गेलं. सामान्य माणसाला चाळीस दिवसांच्या उशिराबद्दल झाडणारं कोर्ट सरकारला चार वर्षं माफ करतं, ही पक्षकारांची तक्रार मी ऐकत आलेय.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यावर एक निकाल दिला, तो मी मराठीत सारांश काढून ऑफिसातल्या फळ्यावर टाचणीनं लावलाय. कर्नाटक गृहनिर्माण मंडळानं एका जमिनीच्या दाव्यात दुसरं अपील केलं, ते ३,९६६ दिवस उशिरा. जवळजवळ अकरा वर्षं. कर्नाटक उच्च न्यायालयानं तो उशीर माफही केला होता. न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठानं ती माफी रद्द केली. सरकारी खात्याची सुस्ती हे उशिराचं कारण होऊ शकत नाही, आणि उच्च न्यायालयांनी अशा सुस्तीला आपल्या निकालानं कायदेशीर रूप देऊ नये, असा त्याचा मथितार्थ. माझ्या मते त्या वर्षातला दिवाणी बाजूचा सगळ्यात कामाचा निकाल हाच. रस्ता, कालवा, पुनर्वसन यांत ज्याची जमीन गेली आणि जो खालच्या कोर्टात जिंकून बसलाय, त्याच्या डोक्यावर सरकारचं उशिराचं अपील कायम टांगतं असतं. त्याला आता दाखवायला एक कागद मिळाला.

चेकच्या खटल्यांचं सांगितल्याशिवाय मात्र माझं सांगणं पुरं होणार नाही, कारण आमच्या ऑफिसात अर्धा ढीग त्यांचाच आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भाग, सगळा द्राक्षाचा मुलूख. माल काढणीला आला की बाहेरचा व्यापारी येतो, सोनाका बघतो, माणिक चमन बघतो, दर ठरवतो, चार-चार किलोच्या पेट्या भरून गाडी लावतो. पहिल्या गाडीला रोख. दुसऱ्या गाडीला निम्मे रोख. तिसऱ्या गाडीला चेक. चौथ्या गाडीनंतर फोन बंद. बागायतदार चेक बँकेत भरतो, आठ दिवसांनी तो पांढऱ्या चिठ्ठीसह परत येतो, आणि मग तो आमच्याकडे येतो. तीस दिवसांच्या आत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. हे तिन्ही आकडे द्राक्ष पट्ट्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतील.

तासगाव तालुक्यातल्या दोन चुलतभावांची गोष्ट सांगते. नावं गावं नकोत. दोघांचाही चेक वटला नाही, व्यापारी वेगळे, हंगाम वेगळे. थोरल्याचा खटला आधी चालला. आरोपीनं बचाव घेतला की चेक मालाचा नव्हे, सिक्युरिटी म्हणून कोरा दिला होता. पेट्या किती गेल्या याची पावती थोरल्याकडे नव्हती, वहीत पेन्सिलीनं मांडलेला हिशेब होता. आरोपी सुटला. थोरला म्हणाला, अपील करायचं. साहेबांनी सांगितलं, सुटकेविरुद्ध फिर्यादीला अपील करायचं तर आधी उच्च न्यायालयाची खास परवानगी लागते, म्हणजे मुंबई. मिरजेतून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून फोर्टात चालत, तिथल्या वकिलांची फी, आणि परवानगी मिळाली तर मग पुढचं अपील. थोरल्यानं पायात चप्पल सरकवत विचारलं, "ताई, मुंबईला जाऊन-येऊन चेकाएवढेच पैसे जातील की ओ?" आणि उठून गेला. त्याची फाईल आमच्या कपाटात सुतळीनं बांधून पडली आहे.

धाकट्याचाही आरोपी सुटला, पण मध्ये ८ एप्रिल २०२५ येऊन गेला होता. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं, न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी, सेलेस्टियम फायनान्शियल प्रकरणात ठरवलं की ज्याचा चेक वटला नाही तो नुसता फिर्यादी नाही, गुन्ह्याचा पीडितही आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ च्या परंतुकानं पीडिताला सुटकेविरुद्ध अपिलाचा सरळ हक्क दिलाय. त्याला खास परवानगी लागत नाही, आणि शिक्षा झाली असती तर आरोपीनं ज्या कोर्टात अपील केलं असतं त्याच कोर्टात ते करायचं. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४१३ ला आहे. तासगावच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर आरोपी कुठं गेला असता? सांगलीच्या सत्र न्यायालयात. म्हणजे धाकटाही तिथंच. तासगावातून सकाळी एसटीत बसला तर दुपारच्या जेवणाला घरी. त्याचा मेमो मीच टाईप केला. तिसरा मुद्दा पेन्सिलीच्या वहीवर होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक निकाल आला, उत्तराखंडातल्या खुनाच्या खटल्यातला. अपील करणारा पीडितच मध्ये वारला तर त्याचे वारस ते अपील पुढे चालवू शकतात. अपिलं जेवढी वर्षं पडून असतात ते बघता हा निकाल यायलाच हवा होता. इथे फिर्यादी म्हातारे असतात.

मग सप्टेंबर २०२५ चा गोव्यातल्या प्रकरणातला निकाल. सहा लाखांचे हातउसने, चेक परत, खालच्या कोर्टात शिक्षा, सत्र न्यायालयात शिक्षा कायम, आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिव्हिजनमध्ये (खालच्या निकालात कायद्याची चूक आहे का एवढंच बघणाऱ्या फेरतपासणीत) आरोपी निर्दोष. कारण काय, तर एवढी रक्कम उसनी द्यायची फिर्यादीची ऐपतच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात न्या. मनमोहन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांनी शिक्षा पुन्हा कायम केली. दोन कोर्टांनी पुरावा बघून एकच निष्कर्ष काढलेला असताना रिव्हिजनमध्ये तो पुरावा नव्यानं तोलत बसायचं नसतं, हा त्यातला एक मुद्दा. पण आमच्याकडे गाजला तो दुसरा. वीस हजारांवरचे उसने रोखीत दिले तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएसचा भंग होतो, त्याचा दंड वेगळा बसेल. पण म्हणून ते देणंच बेकायदा ठरत नाही आणि चेक देणारा त्यावर सुटू शकत नाही. केरळ उच्च न्यायालयानं उलटं म्हटलं होतं, ते रद्द झालं.

हा मुद्दा आमच्या भागात किती मोठा आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. बी-बियाणाला, लग्नाला, दवाखान्याला, सगळे उसने रोखीत. पुतण्या चुलत्याला पावती मागतोय असं झालंय कधी? केरळचा तो निकाल आल्यापासून इथल्या बचावाच्या वकिलांनी उलटतपासात एक प्रश्न हमखास घालायला सुरुवात केली होती, "रक्कम रोखीने दिली हे खरे आहे काय?" फिर्यादी बिचारा "होय खरे आहे" म्हणायचा आणि खुशीत खाली उतरायचा. आता त्या उत्तरानं काही बिघडत नाही.

त्याच निकालात आणखीही कामाच्या गोष्टी आहेत. समन्स फिर्यादीनं स्वतःही बजावावं. तडजोड लवकर करणाऱ्याला फायदा आहे. बचावाचा पुरावा सुरू व्हायच्या आत पैसे दिले तर जादा भुर्दंड नाही, नंतर पण निकालाआधी दिले तर पाच टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात अपिलापर्यंत ताणलं तर साडेसात, सर्वोच्च न्यायालयात दहा. आणि शिक्षा झालेला आरोपी अपिलात गेला, तर दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायचा आदेश कोर्ट देऊ शकतं, ही तरतूद २०१८ पासून आहेच. ती आल्यावर निव्वळ वेळ काढायला केलेली अपिलं कमी होतील असं वाटलं होतं. मला टेबलावरून तरी फारसा फरक दिसत नाही. खरोखर अडचण असलेल्याला त्यातून सूट मिळू शकते असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तेव्हापासून प्रत्येकाचीच खरोखर अडचण असते.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कोल्हापुरात बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. चाळीसहून जास्त वर्षं वकिलांनी त्यासाठी मोर्चे, उपोषणं, कामबंद केलं. कामबंदच्या दिवशी आम्हा टायपिस्टांची मजुरी बुडायची, हे त्या इतिहासात कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहून ठेवते. तरी झालं ते चांगलंच झालं. सांगलीतून जयसिंगपूर, हातकणंगले करत दीड-दोन तासांत सीपीआर दवाखान्यासमोर उतरायचं की समोर कोर्ट. दुसरं अपील, जामीन, रिट, सगळं तिथं. पूर्वी पक्षकार आपल्या अपिलाची सुनावणी कधी बघायचाच नाही. आता बायका डबा बांधून जातात आणि मागच्या बाकावर बसून येतात. सातारच्या पक्षकारांना मात्र कोल्हापूर काही अंगणात नाही, सव्वाशे किलोमीटर आहेच, ही त्यांची कुरकुर मला रास्त वाटते.

त्या वाटेवर जयसिंगपूरजवळ नांदणी लागते. जुलै २०२५ मध्ये तिथल्या जैन मठाची माधुरी हत्तीण गुजरातेतल्या वनतारा प्राणी केंद्रात नेली तेव्हा त्या रस्त्यावर माणसं रडत होती. उच्च न्यायालयाचा आदेश आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयानं मठाची याचिका फेटाळलेली. "अजून वर अपील न्हाई का ओ ताई?" असं तेव्हा मला रोज कुणीतरी विचारायचं. वर काही नाही. आणि ते मुळात अपीलही नव्हतं, रिट होतं, म्हणजे थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका. पण त्या दिवसांत हा फरक समजावून सांगायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या अपिलाबद्दल एक गैरसमज फार आहे. दिवाणी दाव्यात एकदा कोर्ट, मग जिल्हा न्यायालयात पहिलं अपील, आणि तिथेही हरलं की उच्च न्यायालयात दुसरं. लोकांना वाटतं, तिन्ही ठिकाणी तेच पुन्हा सांगायचं. तसं नाही. पहिल्या अपिलात पुरावा आणि कायदा दोन्ही तपासून मिळतं. दुसऱ्यात, १९७६ च्या दुरुस्तीपासून, फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न. बांध कुणी कोरला, सही कुणाची, हे तिथं निघत नाही. म्हणून पहिलं अपील नीट करा, असं साहेब कानीकपाळी ओरडतात. आणि अपील दाखल केलं म्हणजे हुकूमनामा, म्हणजे खालच्या कोर्टानं निकालाप्रमाणे काढलेला आदेश, आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा, तिचा आदेश वेगळा. अपिलाचा नंबर खिशात घालून निर्धास्त फिरणाऱ्या माणसाच्या दारात बेलीफ उभा राहिलेला मी बघितलाय.

आता आक्कांचं. आक्का वाळवा तालुक्यातल्या, माहेरच्या उसाच्या जमिनीत हिस्सा मागितला म्हणून भावांनी बोलणं टाकलेलं. दावा जुना. त्यांच्यासारख्या बायकांची महाराष्ट्रात दोनदा फसगत झाली. राज्यानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्यांना वगळून. आक्कांचं लग्न त्याआधीचं. मग केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींना दिला, तर वाद निघाला की त्या तारखेला बाप हयात हवा. आक्कांचे वडील आधीच गेलेले. हा गुंता ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सोडवला. हक्क जन्मानं मिळतो, बाप त्या तारखेला जिवंत असायची अट नाही, आणि चालू दाव्यांत, अपिलांतसुद्धा अंतिम हुकूमनामा व्हायच्या आत हिस्से बदलून द्यावेत.

त्यातला माझा आवडता भाग तोंडी वाटपाचा. आमच्याकडच्या प्रत्येक कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, एक वाक्य असतं, "वाटप यापूर्वीच तोंडी झाले असून सर्वजण आपापल्या हिश्शात वहिवाट करीत आहेत." पंच कोण, तर वारलेले. २०२० च्या निकालानं सांगितलं, २० डिसेंबर २००४ पूर्वीचं नोंदणीकृत किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झालेलं वाटप मान्य. नुसतं तोंडी म्हणून चालणार नाही, सरकारी कागदावर पक्का पुरावा दाखवा. आक्कांच्या भावांकडे तो नव्हता. पहिल्या अपिलातही नव्हता. आक्का दोन्हीकडे जिंकल्या.

आणि जिंकून तिथंच बसल्यात. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही. हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेख, मोजणी, वाटप तक्ता, हरकती, मग ताबा. त्यासाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अंमलात आणून मागायचा अर्ज, घालायची. देशभर अशा किती दरखास्ती पडून आहेत हे मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या उच्च न्यायालयांना विचारलं, आणि सहा महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलं. ऑक्टोबरात आकडा आला, ८ लाख ८२ हजार. त्यातल्या ३ लाख ४१ हजार एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या, म्हणजे देशात पहिला नंबर आपला. सहा महिन्यांत ३ लाख ३८ हजार निकाली निघाल्या हेही त्यातच होतं, आणि ते कमी नाही. पण अपिलं जिंकायची कला सगळ्यांना हवी असते, दरखास्त चालवायचा कंटाळा मात्र वकिलांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांना. आमच्या ऑफिसातही दरखास्तीची फाईल कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाते. मी ती वर काढून ठेवते, कुणीतरी परत खाली ठेवतं.

परवा आक्का आल्या. मोजणीची तारीख मिळाली होती, पण भाऊ जागेवर आले नाहीत तर काय, ही काळजी. मी म्हटलं, ते आले नाहीत तरी मोजणी थांबत नाही, त्यांना नोटीस पोचल्याची पोच मात्र हवी. आक्कांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली पोच काढली. थोरल्या भावाची सही होती, ठसठशीत. धाकट्याच्या नावापुढं "घरी नाही" असा शेरा, आणि शेऱ्याखाली ना तारीख ना बजावणाऱ्याची सही. साहेब कोल्हापूरला गेले होते. मी दुसऱ्या नोटिशीचा अर्ज टाईप करून दिला आणि आक्कांना दुपारच्या आत मिरज नाक्यावरून इस्लामपूरची गाडी धरायला सांगितलं, कार्यालय चारनंतर अर्ज घेत नाही.